‘९६ टक्के पूर्ण’ आणि ४० पैकी १७

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगी नववीत, मराठी माध्यमात. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांची जागा पावसाळाभर रिकामी होती, म्हणून घरच्यांनी एका ऑनलाइन वर्गाची वर्षाची फी भरली. घरात फोन दोन: एक वडिलांचा, जो दुकानातून रात्री साडेआठला घरी येतो, आणि एक पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मोठ्या भावाचा. मुलगी वडिलांच्या फोनवर रोज साडेदहापर्यंत व्हिडिओ पाहते. ॲप सांगतं, ‘९६ टक्के पूर्ण’. सहामाहीला विज्ञान भाग १ मध्ये मिळाले ४० पैकी १७. आई लिहितात, “मोबाइल तर तिला आमच्यापेक्षा चांगला येतो. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, सगळं तीच करून देते. मग कमी कुठे पडतंय? ऑनलाइन बंद करून १८ किलोमीटरवरच्या क्लासला घालू, की हप्त्यावर टॅब घेऊ? तिचे वडील म्हणतात, विज्ञान तिचा प्रांतच नाही, अकरावीला कला शाखा घेऊ दे. आणि एखादं चांगलं ॲप असेल तर तेही सांगा.”

ताई,

तुमच्या पत्रातले ९६ आणि १७ हे दोन आकडे एकमेकांशी भांडताहेत असं तुम्हाला वाटतंय. खरं तर त्यांची ओळखच नाही. ९६ टक्के म्हणजे व्हिडिओ किती मिनिटं चालले याचा हिशेब. मुलगी समोर बसून वही भरत होती, की डोळे मिटत मिटत पडद्याकडे बघत होती, हे ॲपला कळत नाही. धड्याखालचे प्रश्न बहुतेक ठिकाणी चार पर्यायांचे असतात आणि चुकलं की पुन्हा निवडता येतं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलेलं उत्तरही ‘पूर्ण’मध्येच जमा होतं. शाळेची उत्तरपत्रिका मात्र विचारते: शास्त्रीय कारण लिहा, फरक स्पष्ट करा, आकृती काढून नावं द्या, उदाहरण सोडवा. तिथे पर्याय नसतात. कोरी ओळ असते.

आता तुमचं वाक्य: ‘मोबाइल तिला चांगला येतो’. हे खरं आहे, पण बिल भरणं आणि फोनवरून विज्ञान शिकणं यांत बरंच अंतर आहे. बिलाच्या ॲपमध्ये पुढची पायरी कोणती हे ॲपच सांगतं. शिकताना काय शोधायचं, कुठल्या शब्दाने शोधायचं, मिळालेलं खरं की थाप, कुठे थांबायचं आणि काय वहीत उतरवायचं, हे सगळं शिकणाऱ्याने ठरवायचं असतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन आणता आला, त्यांना त्यावर कामं करायला सांगितली होती. यूट्यूबवर सांगितलेला व्हिडिओ शोधणं दहापैकी जवळजवळ आठ जणांना जमलं. ठरावीक वेळेचा गजर लावणं दोन तृतीयांशांना जमलं. नकाशावरून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती वेळ लागेल हे काढणं एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त मुलांना आलं. म्हणजे पाहणं येतं, पण माहितीवरून काही काढणं आलं की गाडी अडते. तुमच्या लेकीचं तेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अर्थात माझ्या वाटण्यावर टॅबचे हप्ते सुरू करू नका आणि क्लासची फीही भरू नका. आधी तपासून बघा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

सुरुवात सहामाहीच्या उत्तरपत्रिकेपासून. गेलेल्या २३ गुणांचा हिशेब एका कागदावर मांडा: व्याख्या अर्धवट राहिली म्हणून किती, आकृतीला नावं दिली नाहीत म्हणून किती, उदाहरणात सूत्र चुकलं म्हणून किती, एकक चुकलं म्हणून किती, प्रश्न सोडूनच दिला म्हणून किती. हे तुम्हाला विज्ञान न येताही करता येईल, कारण शिक्षकांच्या लाल खुणा समोर असतात. व्हिडिओवर शिकणाऱ्या मुलांचे गुण एककांत हमखास जातात. उदाहरणार्थ, तारेतून जाणारी विजेची धारा काढायची आहे: ४.५ व्होल्ट भागिले ५०० ओहम, उत्तर ०.००९ अँपिअर. व्हिडिओत सर बोलता बोलता ‘म्हणजे ९ मिलिअँपिअर’ म्हणतात आणि पुढे जातात. ऐकताना ते पटतं, पण वहीत मूल ‘०.००९ मिलिअँपिअर’ लिहून येतं. ती पायरी कानावरून गेली, हातातून गेलीच नाही.

दुसरी तपासणी: तिच्याशेजारी बसा आणि सांगा, “रोध, म्हणजे विजेच्या धारेला होणारा अडथळा, काय असतो आणि तार लांब केली की तो का वाढतो, हे शोधून दाखव.” मधे बोलू नका. फक्त बघा: ती काय टाइप करते, पहिलं दिसेल तेच उघडते का, लहान चित्र भडक असलेला व्हिडिओ निवडते का, किती सेकंदांत पुढे सरकते, आणि शेवटी मिळालेलं उत्तर पुस्तकाशी ताडून पाहते का.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना ती फार नडते आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. मराठीत शोधलं की पुरेसं सापडत नाही, म्हणून मुलं हिंदी व्हिडिओंकडे वळतात. लिपी तीच, शब्द ओळखीचे, त्यामुळे आपण परक्या भाषेत शिकतोय हे लक्षातही येत नाही. पण शाळेतल्या संज्ञा वेगळ्या आहेत. काही नुसत्याच वेगळ्या: आपला रोध तिथे प्रतिरोध, वस्तुमान तिथे द्रव्यमान, मूलद्रव्य तिथे तत्त्व, संयुग तिथे यौगिक, उष्णता तिथे ऊष्मा, विद्युतप्रभार तिथे आवेश. यांनी फक्त गोंधळ होतो. खरा खड्डा आहे तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. मराठीत अणू एकत्र येऊन रेणू बनतो. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे हिंदीतला अणु हा आपला रेणू! तो व्हिडिओ पाहून मूल लिहितं, ‘ऑक्सिजनच्या एका अणूत दोन परमाणू असतात’. व्हिडिओच्या भाषेत ते बरोबर आहे, आपल्या उत्तरपत्रिकेत चूक. तसंच क्षाराचं. आपल्या नववीच्या धड्याचं नावच ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ आहे आणि त्यात क्षार म्हणजे मीठ ज्या वर्गात येतं तो पदार्थ. हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हणतात पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला (इंग्रजीत बेस). लाल लिटमस निळा करणारा ‘क्षार’ हिंदी व्हिडिओत पाहिलेली मुलगी मराठी पेपरात काय लिहील, विचार करा. ती मठ्ठ नाही. तिने दोन शब्दकोश नकळत एकत्र केले आहेत.

उपाय साधा आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखायचे: मराठी, हिंदी, इंग्रजी. धड्याला दहा-बारा शब्द पुरतात. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला तरी चालेल, पण स्पेलिंग शेजारी हवं, कारण शोधताना ते लागणार: रेझिस्टन्स, पोटेन्शियल डिफरन्स, सीरीज, पॅरलल. एकसर (एकामागे एक) जोडणी मराठीत शोधली तर सापडतील त्यापेक्षा किती तरी जास्त चांगल्या आकृत्या ‘सीरीज’वर सापडतात. शोधताना इयत्ता आणि धड्याचं नावही जोडायला सांगा, नाहीतर नववीच्या प्रश्नाला बारावीचं उत्तर येतं आणि मूल घाबरतं. पाठ्यपुस्तक घरी अपुरं असेल तर ‘बालभारती’च्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतं. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य थेट उघडतं, तेही आपल्याच संज्ञांमध्ये. हे व्हिडिओ चकचकीत नाहीत, हे कबूल. पण अणूला अणूच म्हणतात.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. तिला सहा-आठ मिनिटांचा एक व्हिडिओ दाखवा. संपला की फोन उचलून घ्या, कोरा कागद द्या आणि आठवेल ते आकृतीसह लिहायला सांगा. बहुतेक मुलं तीन-चार ओळींत संपतात आणि म्हणतात, “पण मला समजलं होतं!” ते खोटं नसतं. नीट सांगितलेलं ऐकताना समजल्यासारखं होतंच. रोएडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून मग तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांचे ४२, आठवून लिहिणाऱ्यांचे ५६. तुमची मुलगी रोज रात्री त्या पाच मिनिटांच्या परीक्षेत पास होते आहे. सहामाही आठवड्यानंतरची असते.

विज्ञानात आणखी एक अडचण येते. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ च्या पीएचडीत भौतिकशास्त्राचे व्हिडिओ तपासले. सरळ, स्वच्छ स्पष्टीकरणाचा व्हिडिओ मुलांना आवडला, सोपा वाटला आणि त्यांची उत्तरं जवळपास होती तशीच राहिली. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडली होती, तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. कारण आपल्या डोक्यात आधीपासून काहीतरी बसलेलं असतं. व्हिडिओ त्याला धक्का देत नसेल, तर मूल तेच ऐकतं जे त्याला आधीच वाटत होतं.

म्हणून ‘चांगलं ॲप सांगा’ याचं उत्तर मी वेगळ्या प्रकारे देते. पाहायचं साधन तुमच्याकडे आहेच. करून बघायचं साधन हवं. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी तो सुरू केला. त्यातल्या प्रयोग-प्रतिकृती, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, नोंदणी लागत नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये चालतात आणि त्यांतल्या अनेक मराठीत भाषांतरित आहेत. फाइल उतरवून घेतली की नेट नसतानाही उघडते. फोनवर ती कधी नुसता मजकूर म्हणून उघडली, तर ‘यातून उघडा’मध्ये ब्राउझर निवडायचा. आणि फोन आडवा धरायचा, उभ्या पडद्यावर तारा जोडता येत नाहीत.

विद्युत परिपथ जोडायचा जो संच त्यात आहे, तो नववीच्या ‘धाराविद्युत’ धड्यासाठी घ्या. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक मूल बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडून पडद्यावर आग लावतं. लावू द्या. लघुपरिपथन (शॉर्ट सर्किट) त्यापेक्षा स्वस्तात शिकता येत नाही. मग खरं काम. संचात बॅटरी ९ व्होल्टची आणि रोध १० ओहमचा असतो. एक रोध जोडून धारा मोजायची: ०.९० अँपिअर. आता दुसरा १० ओहमचा रोध एकसर जोडण्याआधी फोन पालथा ठेवून वहीत लिहायचं: धारा किती होईल? आणि दुसऱ्या रोधापर्यंत पोचेपर्यंत ती कमी होईल का? पुष्कळ मुलं ‘पहिला थोडी वापरून टाकेल’ असं लिहितात. हीच ती आधीपासून बसलेली समजूत. मग ॲमीटर (धारा मोजायचं साधन) पहिल्या रोधाच्या आधी, मधे आणि दुसऱ्याच्या नंतर लावून बघायचा. तिन्ही ठिकाणी ०.४५. समांतर जोडले तर प्रत्येकातून ०.९०, बॅटरीतून १.८०. अंदाज न लिहिता नुसतं खेळलं तर अर्धा तास मजेत जातो आणि हाती काही लागत नाही. प्रतिकृती वापरूनही गुण वाढत नाहीत ते बहुधा याच कारणाने. दुसरी चूक म्हणजे एकाच वेळी व्होल्टही बदलायचे आणि रोधही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

मिळालेले आकडे तक्त्यात घालून आलेख काढायला लावा. भावाकडे लॅपटॉप असेल तर स्प्रेडशीटमध्ये करा. नववीच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे, तो बहुतेक वर्गांत ‘वाचून घ्या’ म्हणून सोडतात. त्याचा इथे उपयोग होतो. इथेही एक सापळा आहे. १० ओहमच्या रोधावर १, २, ४ आणि ८ व्होल्ट देऊन धारा मोजली तर येते ०.१, ०.२, ०.४, ०.८. स्प्रेडशीटमध्ये ‘लाइन’ आलेख निवडला तर तो १, २, ४, ८ हे आकडे समान अंतरावर मांडतो आणि रेषा वर वाकते. मूल लिहितं, ‘ओहमचा नियम सिद्ध होत नाही’. ‘स्कॅटर’ निवडला की सरळ रेषा येते. ओहमच्या नियमात काही खोट नव्हती, चूक आलेखाच्या निवडीत होती. ‘मोबाइल येतो’ यात हे बसत नाही, आणि विज्ञानाचे गुण अशाच ठिकाणी अडतात. आलेख एकदा आलेखपेपरवर हातानेही काढायचाच. परीक्षेत स्प्रेडशीट मिळत नाही.

पडद्यावरचं झालं की टेबलावर. विजेरीचे दीड व्होल्टचे दोन सेल, जुन्या विजेरीतले तारेचे दोन छोटे बल्ब, वेष्टन असलेली तार, चिकटपट्टी. बल्ब एकसर जोडले की मंद, समांतर जोडले की लख्ख. हल्लीच्या विजेरीत एलईडी असतो. तो उलटा जोडला तर पेटत नाही आणि पांढरा असेल तर एका सेलवरही पेटत नाही, म्हणून पहिल्यांदा तारेचाच बल्ब शोधा. पडद्यावर जोड कधी सैल होत नाही, इथे होतो. पडद्यावरची बॅटरी थकत नाही, इथले सेल थकतात. आकडे नेमके जुळले नाहीत तर ‘का?’ हा प्रश्न तिला वहीत लिहू द्या. भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही आणि मोबाइलची जुनी बॅटरी या खेळात आणायची नाही. ती लघुपरिपथ झाली तर खरोखर पेटते. असे टाकाऊतून करायचे आणखी प्रयोग हवे असतील तर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर भरपूर आहेत, मराठीतही.

खरंखोटं ओळखण्याचंही थोडं बोलू, कारण रात्री अभ्यासाच्या व्हिडिओखाली ‘लिंबावर घरातला बल्ब पेटवा’ छापाचे व्हिडिओ येतातच. नुसतं ‘असलं बघू नकोस’ म्हणू नका. त्याचं उदाहरण करा. तांबं आणि जस्त खोचलेल्या एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. धारा अर्धा मिलिअँपिअर धरली तर शक्ती किती? ०.९ गुणिले ०.०००५, म्हणजे ०.०००४५ वॅट. बल्ब ९ वॅटचा. भागाकार तिला करू द्या: वीस हजार लिंबं. मंडईत तरी असतील का? ज्या मुलीने हा भागाकार एकदा केला, ती पुढच्या वेळी ‘फुकट वीज’ वाल्या व्हिडिओकडे आपोआप कॅल्क्युलेटर घेऊन बघते. शिवाय एक सवय लावा: नवीन दावा दिसला की तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहायचा नाही, बाहेर पडून दुसरीकडे कोण काय म्हणतं ते पाहायचं. दोन ठिकाणी जुळलं आणि त्यातलं एक पुस्तक असलं, तर वहीत लिहायचं.

प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आणि चॅटबॉट तिच्या मैत्रिणींकडे असणारच. बंदी घालून ते थांबत नाही. नियम एवढाच ठेवा: आधी दहा मिनिटं कागदावर स्वतः, मग उत्तर बघायचं, आणि आपली वाट त्या उत्तरापासून कुठल्या ओळीला वेगळी झाली तिथे लाल खूण करायची. चॅटबॉटला ‘उत्तर देऊ नकोस, एकेक प्रश्न विचारून मला उत्तराकडे ने’ असं सांगता येतं. आणि तोही अणू-अणुचा घोळ घालू शकतो, तेव्हा संज्ञा पुस्तकातलीच धरायची.

आता जरा अवघड विषय. तुमच्या पत्रात मुलाचा फोन त्याचा स्वतःचा आहे आणि मुलीला वडिलांचा, तोही रात्री साडेआठनंतर. तुम्ही हे ओघात लिहून गेलात. ‘असर’च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. तेव्हा हे फक्त तुमच्या घरातलं नाही. पण परिणाम तुमच्या घरात दिसतो: दिवसभराची शाळा आणि घरकाम आटोपून, थकल्या डोळ्यांनी, मधेच दुकानाचे फोन घेत ती विज्ञान शिकते. टॅबचा विचार करण्याआधी भावाचा फोन संध्याकाळी पाऊण तास तिला मिळेल का, हे त्याला विचारा. पाऊण तास पुरतो, कारण निम्माअधिक अभ्यास फोनशिवायच करायचा आहे. व्हिडिओ आधी उतरवून घ्यायचा आणि फोन विमान मोडवर टाकायचा, म्हणजे कुणाचा निरोप टपकत नाही. डेटा वाचवायला चित्राचा दर्जा कमी केला तरी चालतो, फक्त फळ्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. आणि ती व्हिडिओ दुप्पट वेगाने लावते का, तेही बघा. कान तो वेग झेलतो, हाताला झेपत नाही. उदाहरण सोडवायचा व्हिडिओ साध्या वेगाने, आणि सर उत्तर लिहायच्या आधी थांबवून.

एका धड्याचा आठवडा साधारण असा लावा. पहिल्या दिवशी सुरुवातीला फोन नाही: धडा वीस मिनिटं वाचून न कळलेले तीन प्रश्न लिहायचे आणि मग त्याच प्रश्नांसाठी एक छोटा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी आधी दहा मिनिटं कोऱ्या कागदावर काल काय झालं ते, मग प्रतिकृती किंवा प्रयोग. तिसऱ्या दिवशी फक्त उदाहरणं, एकक प्रत्येक ओळीत लिहून. मग दोन दिवस दुसरा विषय, आणि सहाव्या दिवशी पुन्हा कोरा कागद. हा सहावा दिवस मुलं गाळतात, कारण त्यात आपल्याला काय येत नाही ते दिसतं. तुम्ही फक्त तो कागद मागा. बरोबर-चूक तपासायची गरज नाही, पुस्तक उघडून ती स्वतः तपासेल. पहिल्या दोन आठवड्यांत ती चिडेल आणि ‘आधी जास्त समजायचं’ म्हणेल. तेव्हा माघार घेऊ नका.

हे सहा आठवडे करून मगच क्लास आणि टॅबचा निर्णय घ्या. क्लासमध्ये तिची लिहिलेली वही कुणी वाचणार असेल तर १८ किलोमीटरचा प्रवास सोसायला हरकत नाही. तिथेही नुसतं ऐकायचंच असेल तर ऐकायला फोन आहे, एसटीचे दोन तास कशाला घालवायचे? म्हणून फी भरण्याआधी एक दिवस जाऊन बसा, तुकडीत किती मुलं आहेत ते मोजा आणि मागच्या चाचणीचा तपासलेला पेपर दाखवा म्हणा. शाळेत आता शिक्षक आले असतील तर त्यांना भेटून आठवड्याला वहीची दोन पानं बघाल का, असं विचारा. दोन पानांना बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. टॅबचा खरा फायदा मोठा पडदा. पण स्प्रेडशीट आणि टायपिंगसाठी कीबोर्ड लागतो, म्हणून घ्यायचंच ठरलं तर वापरलेल्या लॅपटॉपची किंमतही विचारून ठेवा.

‘विज्ञान तिचा प्रांत नाही’ याबद्दल तिच्या वडिलांना एवढंच सांगा की शाखा दहावीनंतर निवडायची असते, नववीच्या सहामाहीवरून नाही. कला शाखा तिला आवडून घ्यायची असेल तर खुशाल घेऊ द्या. अणू आणि अणु यांच्या गोंधळापायी नको. आणि सहामाहीचा पेपर रद्दीत टाकू नका. पुढच्या चाचणीचा पेपर आला की दोन्ही शेजारी ठेवून तो २३ गुणांचा हिशेब पुन्हा मांडा, आणि पहिल्यांदा एककांचा रकाना बघा.